हात आखडता असताना मिशनला देणं कसं सुरू करावं

मिशनच्या पाकिटात, म्हणजे मिशनरी पाठवायच्या कामासाठीच्या देणगीत, किती घालायचं, हे मंडळीत (चर्चमध्ये) नवीन आलेला माणूस सहसा कुणाला विचारत नाही. शेजारच्या बाकावरचा काय करतो ते तिरक्या नजरेने बघतो, हाताला लागेल ती नोट घडी करून थैलीत सोडतो, आणि घरी जाताना ‘जरा जास्तच गेले’ म्हणून हळहळतो किंवा ‘एवढेसेच टाकले’ म्हणून खजील होतो. दिवस बरे असले की असं अंदाजपंचे देणं खपून जातं. पण घरमालकाने भाडं वाढवलंय, कंपनीत माणसं कमी करायचं चाललंय, तेल-गॅस-ट्यूशन सगळंच चढलंय, अशा वेळी पहिली कात्री मिशनच्या पाकिटालाच लागते. वीजबिल थकलं तर वीज कापतात, हप्ता थकला तर बँकेचा फोन येतो. मिशनरी फोन करत नाही.

नगर-जालन्याकडून नोकरीसाठी मुंबईत आलेले, पहिला पगार हातात पडलेले, नुकताच बाप्तिस्मा झालेले किंवा लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत गेलेले, अशांसाठी हे लिहितो आहे. तुमची मंडळी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) असेल, मेथडिस्ट असेल, भायखळ्याची मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) असेल किंवा वसईची कॅथलिक पॅरिश असेल. रीत थोडी वेगळी, अडचण एकच. तंगीत रक्कम लहान झाली तर काही बिघडत नाही, असं माझं मत आहे. ती ठरलेली असावी, आणि कमी करायची वेळ आली तर सांगून कमी करावी. मिशनरीच्या घराला लहान देणगी कधी जड जात नाही; गुपचूप बंद झालेली जाते.

पहिली पायरी: घराचा हिशेब

सुट्टीच्या संध्याकाळी नवरा-बायकोने कागद घेऊन बसावं. एकटे राहत असाल तर एकट्याने. महिन्याला येतं किती आणि जातं किती, हे लिहिल्याशिवाय देण्याचा आकडा ठरवू नका.

समजा, नालासोपाऱ्याला राहणारं एक कुटुंब आहे. त्याचा पगार हातात २४,००० येतो, ती घरी शिलाई करून साधारण ६,००० मिळवते. एकूण ३०,०००. भाडं ७,०००, किराणा-भाजी-गॅस ८,५००, शाळा आणि ट्यूशन ३,५००, लोकलचा पास आणि रिक्षा १,५००, वीज आणि मोबाइल १,८००, गावी आईवडिलांना २,५००, औषधपाणी १,०००, मोटरसायकलचा हप्ता २,०००. बेरीज २७,८००. उरले २,२००.

आता या घराला कुणी सांगितलं की दशमांश द्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, ३,००० द्या, तर ते कुठून देणार? उरलेल्यापेक्षा ८०० जास्त झाले. एक तर ते उधार काढतील, नाहीतर काहीच देणार नाहीत आणि रविवारी थैली जवळ आली की मान खाली घालतील. मी बघितलंय त्यात दुसरा प्रकार जास्त. या घराने ६०० मंडळीला, ३०० मिशनला आणि १,३०० अडीअडचणीसाठी बाजूला, अशी सुरुवात केली तर मला ती शहाणपणाची वाटते. ९०० म्हणजे उत्पन्नाचे तीन टक्के. तीन टक्क्यांची लाज वाटायचं कारण नाही. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहिलंय की माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही (२ करिंथ ८:१२).

हिशेबाच्या बाबतीत तीन गोष्टींवर मी अडून बसेन. क्रेडिट कार्डावर किंवा मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे काढून अर्पण देऊ नका. त्या कर्जाचं व्याज तुमच्या देण्यापेक्षा वेगाने वाढतं आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच मंडळीकडे हात पसरावा लागतो. दुसरं, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे मिशनच्या नावाखाली तोडू नका. ‘तुम्हाला द्यायचं ते मी देवाला अर्पण केलं’ असं आईवडिलांना सांगून मोकळं होणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलंय, आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल तीमथ्याच्या पहिल्या पत्रात फारच कडक शब्द आहेत (५:८). तिसरं, घरात दोघांना माहीत नसलेलं देणं देऊ नका. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हे वचन बाहेरचा दिखावा टाळण्यासाठी आहे. बायकोपासून पासबुक लपवायला त्याचा आधार घेणारे महाभाग आहेत, म्हणून सांगावं लागतं.

कमाई रोजची किंवा अनियमित असेल, म्हणजे रिक्षा, घरकाम, केटरिंग, इलेक्ट्रिकची कामं, तर महिन्याचा आकडा ठरवूच नका. आठवड्याचा ठरवा. करिंथकरांना दिलेली सूचना अशाच माणसांसाठी असल्यासारखी वाटते: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं (१ करिंथ १६:२). आठवडा कोरडा गेला तर त्या आठवड्याला काही नाही. पुढच्या आठवड्यात ते ‘थकबाकी’ म्हणून भरायचं नाही.

दुसरी पायरी: भीती आणि आमिष, दोन्ही बाजूला ठेवा

मंदी आली की एका प्रकारच्या उपदेशाला ऊत येतो. हजार पेरा, लाख कापा. अमुक खात्यावर ‘विश्वासाचं बी’ टाका, तुमची नोकरी वाचेल. मोबाइलवर असे व्हिडिओ येत राहतात, आणि नोकरी गेलेल्या माणसाला ते बरोबर गाठतात. नवीन लोकांना माझा सल्ला सरळ आहे: जो तुमच्या अडचणीच्या बदल्यात पैसे मागतो त्याला एक रुपयाही देऊ नका. मंडळीतल्या एका कुटुंबाने मुलाच्या आजारपणासाठी साठवलेले पैसे अशा एका प्रचारकाला पाठवले होते. पुढे त्या मुलाच्या तपासण्यांसाठी महिला मंडळाने वर्गणी काढली.

अशा वेळी हटकून दाखला दिला जातो तो दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचा. तो दाखला वाचायचाच असेल तर मार्क १२:४१ पासून वाचू नका, एक वचन आधीपासून वाचा. तिथे येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल बोलतोय. लगेच पुढे आपली सगळी उपजीविका पेटीत टाकणारी विधवा येते. तिची वाखाणणी आहेच, पण तिच्याकडून शेवटची दमडी काढून घेणाऱ्या व्यवस्थेला तिथे शाबासकी नाही.

याउलट गरिबीतून आपणहून दिलेलं बघायचं असेल तर मासेदोनियाच्या मंडळ्या बघा. स्वतः हलाखीत होत्या आणि तरी ‘आम्हालाही या मदतीत वाटा द्या’ म्हणून पौलाच्या मागे लागल्या (२ करिंथ ८). त्याआधी, रोमी सम्राट क्लौद्याच्या काळात दुष्काळ पडणार हे कळल्यावर अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या भावांसाठी पैसे जमवले (प्रेषितांची कृत्ये ११). दोन्ही ठिकाणी देणाऱ्यांना परतफेडीचं गाजर कुणी दाखवलेलं नाही.

तिसरी पायरी: आधी बाजूला काढा

महिनाअखेरीला उरेल ते देऊ, असं ठरवलंत तर मुंबईत काही उरत नाही. भिशीचा हप्ता जसा पगार झाल्या दिवशी वेगळा होतो, तसंच हे करायचं. पगार बँकेत होत असेल तर त्याच तारखेला आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवता येते. रोख कमाई असेल तर दोन पाकिटं, एक मंडळीचं, एक मिशनचं, आणि ती कपाटात कपड्यांखाली न ठेवता रोज दिसतील अशी.

धान्याची मूठ हा त्याहून जुना आणि पक्का मार्ग. मिझोरामच्या मंडळ्यांमध्ये १९१० च्या सुमारास सुरू झालेली एक रीत आजही चालते. घरातली बाई प्रत्येक जेवणाचा भात टाकताना मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. तो तांदूळ मंडळीत जमा होतो, विकला जातो आणि त्या पैशातून मिशनरी पाठवले जातात. तिकडे त्याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. श्रीमंत प्रांत नव्हे तो. पण जेवण रोज शिजतं, त्यामुळे मूठही रोज पडते, मंदी असो नसो.

मुक्तिफौजेची गोष्ट थोडी मजेशीर आहे. ही फौज मुंबईत १८८२ साली उतरली. चार वर्षांनी, १८८६ मध्ये, इंग्लंडमध्ये निधीची ओढाताण चालू असताना जॉन कार्लटन नावाच्या तिच्या एका अधिकाऱ्याने जाहीर केलं की आपल्याला याहून जास्त देणं जमत नाही, पण वर्षभर जेवणानंतरचं पुडिंग सोडतो आणि वाचलेले पैसे देतो. फौजेचे संस्थापक जनरल बूथ म्हणाले, सगळ्यांना वर्षभर गोड सोडायला नको, आठवडाभर प्रत्येकाने काहीतरी सोडावं. त्यातून सुरू झालेलं स्वार्थत्यागाचं अर्पण फौजेत अजून घेतलं जातं. आपल्याकडे पुडिंगच्या जागी काय सोडायचं ते घराघराने ठरवावं. एका ओळखीच्या घरात महिन्यातून एक रविवार मटण आणत नाहीत, अंड्यांची आमटी करतात, आणि फरकाचे पैसे पोरं स्वतः डब्यात टाकतात. मटणाचा हल्लीचा भाव बघता ही रक्कम लहान नाही.

कापणीच्या सणाला सांभाळा. नवीन लोकांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो: त्या दिवशी घरोघरचे लोक नारळ, भाज्या, फळं, कोंबडी, घरचं लोणचं, केक वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. लिलाव पुकारणारा खेळकर असतो, बायका हसत असतात, आणि पन्नास रुपयांचा नारळ बघता बघता पाचशेला जातो. भारी मजा येते. पण जाण्याआधी खिशातला आकडा ठरवून जा आणि तिथे पोचल्यावर बोली लावा किंवा नुसत्या टाळ्या वाजवा. वसई-उत्तनकडच्या किंवा शहरातल्या कॅथलिक पॅरिशमध्ये हीच गत मिशन संडेच्या फेटची (जत्रेची) असते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली हा रविवार ठरवून दिला; तो ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा रविवार. स्टॉल, सोडती, खाऊ यात घरटी हजार-पाचशे सहज जातात. ते मिशनच्या वर्षभराच्या रकमेत आधीच धरून ठेवावेत.

चौथी पायरी: कुणाला द्यायचं ते नीट पाहून ठरवा

पहिलं देणं आपल्या मंडळीला. जिथे उपासना करता, प्रभुभोजन घेता, जिथला पाळक तुमच्या घरी आजारपणात येतो, तिथे काही न देता लांबच्या मिशनला भरभरून देणं मला पटत नाही. त्यानंतर मिशन.

मिशनरी म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांसमोर अजून टोपीवाला गोरा साहेब येतो. मराठी मुलखाशी त्या साहेबांचा संबंध आहेच: गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. पण भारतीय मंडळ्यांनी भारतीय पैशावर भारतीय मिशनरी पाठवायलाही शंभराहून जास्त वर्षं झाली. तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी १९०३ ची, आणि १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला स्थापन झालेली नॅशनल मिशनरी सोसायटी तर परदेशी पैसा घ्यायचा नाही अशाच बाण्याने उभी राहिली. आज तुमच्या ३०० रुपयांवर जगणारा मिशनरी बहुतेक तुमच्यासारखाच असतो. बायको, दोन मुलं, एखाद्या आदिवासी पाड्याजवळ भाड्याचं घर, मुलांच्या हॉस्टेलची फी, जुनी मोटरसायकल. कित्येक संस्थांमध्ये त्याला पगार असा नसतो. दहा-वीस घरांनी महिन्याला थोडं थोडं देऊन त्याचा खर्च उचललेला असतो. त्यातली चार घरं मुकाट बंद झाली की त्याचं गणित कोलमडतं.

संस्था निवडताना प्रश्न विचारायला लाजू नका. पौलसुद्धा यरुशलेमसाठी जमवलेला पैसा एकट्याने घेऊन गेला नाही. मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतला, आणि कारणही लिहून ठेवलं, की एवढ्या रकमेच्या बाबतीत आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये (२ करिंथ ८:२०). पौलाला जे चाललं ते आजच्या ट्रस्टींना चालायला हवं. संस्थेची नोंदणी आहे का, वर्षाचे हिशेब तपासलेले आहेत का, पावती मिळते का, खात्यावर नाव संस्थेचं आहे की एखाद्या व्यक्तीचं, एवढं विचारा. सार्वजनिक न्यासांची नोंद महाराष्ट्रात १९५० च्या न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि मुंबईतलं त्यांचं कार्यालय वरळीला आहे; नोंदणी क्रमांक मागितल्यावर तो न देणाऱ्या ट्रस्टला दुरून सलाम करावा. क्यूआर कोडवर पैसे पाठवताना पडद्यावर येणारं नाव वाचूनच पुढचं बटण दाबा. बातम्यांमध्ये पूर-वादळ असताना फिरणारे कोड तर मंडळीच्या खजिनदाराला दाखवल्याशिवाय वापरू नयेत.

करसवलतीबद्दल नवीन नोकरदार हमखास विचारतात. देणगीवरची, ८०जी या नावाने सगळ्यांना माहीत असलेली आयकर सवलत जुन्या कररचनेत राहणाऱ्यालाच मिळते. नवी रचना घेतली असेल तर विषय संपला. रोख २,००० च्या वर दिले तर सवलत नाही, साड्या-धान्य अशा वस्तूंवर नाही, आणि निव्वळ धार्मिक कामासाठी असलेल्या ट्रस्टला दिलेल्यावरही नाही. म्हणजे मंडळीच्या थैलीतल्या अर्पणाला ती बहुधा लागू होणारच नाही. संस्थेचं दवाखाना-शाळेचं काम वेगळ्या नोंदणीकृत ट्रस्टमधून चालत असेल तर त्यांना विचारा.

परदेशातल्या नातेवाइकांचं प्रकरण जास्त नाजूक आहे. दुबईतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ते परदेशी अंशदान धरलं जात नाही. पण अमेरिकेतल्या आत्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तिचे पैसे परदेशी झाले. ते स्वीकारायला संस्थेकडे २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा परवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. ‘तुझ्या खात्यावर पाठवते, तू मंडळीत दे’ असं आत्या प्रेमाने म्हणेल. नको म्हणा. तुमच्याबरोबर मंडळीही अडचणीत येईल.

आणखी एक पथ्य. मिशनरीचं प्रार्थनापत्र (प्रार्थनेसाठी देणाऱ्यांना पाठवलेलं खुशालीचं पत्र), गावाचं नाव, मुलांचे फोटो सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. तो ज्या भागात आहे तिथलं वातावरण तुम्हाला इथे बसून कळत नाही. आणि तुमची मदत पोचते तिथे ती विनाअट पोचते ना, हेही विचारा. औषध, शिकवणी, तांदूळ हे सगळं कुठल्याही धर्माच्या माणसाला, त्याच्याकडून काहीही न मागता मिळालं पाहिजे. आमिष दाखवून धर्मांतर करण्याविरुद्ध कित्येक राज्यांत कायदे आहेत. पहिले दोन ओडिशा आणि मध्य प्रदेशात १९६७-६८ मध्येच झाले. कायदा नसता तरी सौदा करून दिलेल्या भाकरीला मी दान म्हटलं नसतं.

पाचवी पायरी: मुदत घालून शब्द द्या

‘आयुष्यभर देईन’ असं भावनेच्या भरात बोलू नका. वर्षाचा शब्द द्या. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षं मदत करायचं ठरवलं होतं. त्या जोरावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन ही विधवांसाठीची शाळा उघडली. किती मिळणार आणि किती काळ मिळणार, हे ठाऊक असलं की काम करणाऱ्याला पाऊल टाकता येतं. ३०० रुपयांच्या बाबतीतही हेच खरं. मिशनरीला किंवा संस्थेला चार ओळी लिहून कळवा: या एप्रिलपासून पुढच्या मार्चपर्यंत दरमहा ३०० पाठवू, मार्चमध्ये पुन्हा कळवू.

सहावी पायरी: उत्पन्न घटलं तर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकवली जाते. नोकरी जाते, बाईंची शिलाई थंडावते, घरात ऑपरेशन निघतं. माणूस पहिल्या महिन्यात पैसे पाठवत नाही, दुसऱ्या महिन्यात लाजेने फोन उचलत नाही, तिसऱ्या महिन्यात त्या संस्थेचा माणूस मंडळीत आला तर मागच्या दाराने निघून जातो. पैशाचं नातं तुटतं, त्याबरोबर प्रार्थनेचं आणि ओळखीचंही तुटतं.

१८३७ साली अमेरिकेत बँका कोसळल्या तेव्हा हॉल आणि नॉट यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेला आपल्या मिशनांचा खर्च कापावा लागला. सिलोनमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) मिशनला तर गावोगावच्या शाळा बंद कराव्या लागल्या. न्यू इंग्लंडमधल्या दुकानदाराचा धंदा बसला आणि जाफन्यातलं पोर शाळेबाहेर आलं, इतका हा धागा लांब असतो. त्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण आगाऊ कळलं तर समोरचा काहीतरी जुळवाजुळव करू शकतो. महिना उलटल्यावर कळलं तर उसनवारी.

म्हणून संदेश आधी पाठवा. लांबण नको, सबबी नकोत. असा:

‘सलाम भाऊ. या महिन्यात माझी नोकरी गेली. पुढच्या महिन्यापासून ३०० ऐवजी १०० पाठवू शकू. डिसेंबरमध्ये पुन्हा बघू. तुमची आठवण रोजच्या प्रार्थनेत आहे. ताईंच्या गुडघ्याचं कसं आहे?’

शंभरसुद्धा जमत नसतील तर तसं लिहा. फिलिप्पैकरांच्या पत्राचा चौथा अध्याय काढून दहावं वचन वाचा. फिलिप्पैची मंडळी पौलाला वरचेवर मदत पाठवणारी; मध्ये काही काळ ती थांबली होती. पौल टोमणा मारत नाही. तुम्हाला माझी काळजी होतीच, फक्त संधी नव्हती, असं तो त्यांच्या बाजूने बोलतो. बहुतेक मिशनरी असेच वागतात. न वागणारा भेटला, आणि ‘तुमच्या अविश्वासामुळे नोकरी गेली’ असं काही लिहिलं, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्या.

मंडळीच्या पातळीवरही हेच करावं. पाळकसाहेब आणि कमिटी मिशनच्या रकमेत कपात करणार असतील तर आर्थिक वर्ष संपायच्या आत तसं कळवायला सांगा. खजिनदाराकडे हे काम सोपवलं तर तो कुरकुरेल, पण करेल.

सातवी पायरी: पैसे नसताना मुंबईकराने काय द्यावं

मुंबईत राहणाऱ्याकडे एक गोष्ट अशी आहे जी पाड्यावरच्या मिशनरीला विकत घेणं परवडत नाही: मुंबईतली जागा, आणि मुंबईची माहिती.

परळचं टाटा मेमोरियल, समोरच केईएम, भायखळ्याचं जेजे. नंदुरबारहून, ओडिशाहून, झारखंडहून मिशनरी स्वतःच्या किंवा गावातल्या कुणाच्या उपचारासाठी इथे येतात. पहाटे दादरला उतरतात. कुठली रांग, कुठला फॉर्म, फाइल कुठे काढायची, स्वस्त औषध कुठे मिळतं, राहायचं कुठे, काही माहीत नसतं, आणि मराठीही कित्येकांना येत नाही. अशा वेळी तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत चटई टाकून दिलेली जागा, सकाळी रांगेत उभं राहिलेला तुमचा बेकार बसलेला भाऊ आणि दुपारी पोचवलेला पोळी-भाजीचा डबा, याची किंमत ३०० रुपयांत होत नाही. नोकरी गेलेल्या माणसाजवळ वेळ असतो, आणि त्या दिवसांत तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो. फक्त आधी घरात विचारा. एका खोलीत चौघं राहत असतील तर पाहुणा किती दिवस, हे ठरवूनच बोलवा. खोलीत जागा नसेल तर मंडळीचा हॉल रात्रीपुरता मिळतो का ते पाळकांना विचारा. एरवी तो रिकामाच असतो.

बाकीचंही आहे. मिशनरीच्या मुलाला कॉलेज प्रवेशाचे फॉर्म भरून देणं, आठवड्यातून एकदा फोनवर गणित शिकवणं, संस्थेचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवून देणं, मराठीतलं प्रार्थनापत्र टाइप करणं. जुने कपडे मात्र विचारल्याशिवाय पाठवू नका. फाटक्या जीन्सची पोती पाड्यावर पोचवायला जेवढं भाडं लागतं तेवढ्यात तिथे नवे कपडे येतात.

आणि तुम्हालाच गरज असेल तर

ताकाला जाऊन भांडं लपवू नये. बहुतेक मंडळ्यांत गरजूंसाठी वेगळा निधी असतो, कॅथलिक पॅरिशमध्ये गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक असतात, महिला मंडळ असतं. पाळकांना एकट्यात भेटून किती कमी पडतंय आणि कशासाठी, हे सांगा. शाळेची फी असेल तर फीची पावती दाखवा. ते पैसे थेट शाळेला भरले तर दोन्ही बाजूंना बरं. आज तुमची भरपूरी त्यांची उणीव भरून काढेल, उद्या त्यांची भरपूरी तुमची, असं पौल लिहितो (२ करिंथ ८:१४), तेव्हा घेणाराही त्या हिशेबात धरलेलाच आहे. मदत घेत असतानाच्या महिन्यांत मिशनचं पाकीट रिकामं राहिलं तरी चालेल. लहान मुलांना मात्र डब्यात रुपया टाकू द्या.

परिस्थिती सावरली की रक्कम लगेच दुप्पट करायचा मोह होतो, तो आवरा. आधी कर्ज, मग तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक, मग मूळ ३०० वर या, आणि वाढ करायची ती पुढच्या एप्रिलमध्ये, पगारवाढ हातात आल्यावर. जूनमध्ये तर मुळीच नको. जूनमध्ये वह्या, गणवेश, छत्र्या आणि गळकं छप्पर हे सगळं एकदमच दारात उभं असतं.